हिवाळाभर गाडी उघड्यावर ठेवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडात टोरोंटोजवळच्या मिसिसॉगा, ब्रॅम्प्टन, मिल्टन या पट्ट्यातली किती तरी मराठी घरं डिसेंबर लागला की भारतात जातात आणि पाडव्याच्या आसपास परततात. गॅरेजमध्ये एक गाडी, नाहीतर वीस वर्षांचं सामान. दुसरी गाडी ड्राइव्हवेवर बर्फात उभी. निवृत्तीनंतर आमचंही हेच चालू आहे, आणि दर ऑक्टोबरात मला ओळखीपाळखीतून फोन येतात: "ताई, गाडीचं काय काय करून जाता?" त्या फोनांवरचेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं ऑन्टारिओचा हिवाळा आणि साधी पेट्रोलची गाडी धरून आहेत. डिझेल, हायब्रिड आणि विजेच्या गाड्यांबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

तीन-साडेतीन महिने गाडी नुसती उभी राहिली तर बिघडतं काय?

नुसत्या थंडीने फारसं काही नाही. उणे २० मध्ये लोखंड कुरकुरत नाही, पेट्रोल गोठत नाही, आणि गंजही फार हळू चढतो. खरा त्रास पाण्याचा. जानेवारीत मध्येच दोन-चार दिवस पारा शून्याच्या वर जातो, बर्फ वितळतं, फटीफटींत झिरपतं आणि रात्री पुन्हा गोठतं. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, म्हणजे ते जिथे अडकलं असेल तिथे जागा करून घेतं. त्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ मिसळलेलं असेल तर ओल टिकते आणि पत्रा खायला लागते. बाकी दोन गोष्टी म्हणजे बॅटरी आणि उंदीर. पाणी, बॅटरी, उंदीर एवढ्या तिघांचा बंदोबस्त झाला तर गाडी मार्चमध्ये जशी ठेवली तशी मिळते. गेली काही वर्षं आमची तशीच मिळते आहे.

तयारी कधी सुरू करावी?

नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. तिकीट ५ डिसेंबरचं असेल आणि तुम्ही ३ तारखेला बॉनेट उघडलंत, तर बोटं चालणार नाहीत. शिवाय घराबाहेरचा नळ गोठून फुटू नये म्हणून तोपर्यंत आतून बंद केलेला असतो, म्हणजे पाइप लावून गाडी धुता येत नाही. आणि एकदा मिठाच्या गाड्या रस्त्यावर फिरायला लागल्या की दुकानापर्यंतची एक फेरी सगळं धुणं वाया घालवते. दोन गाड्या असतील तर शेवटचे पंधरा दिवस एकच वापरा.

गाडी नेमकी कुठे उभी करावी?

रस्त्यावर नको, हे आधी सांगते. इथल्या बहुतेक शहरांत रात्री रस्त्यावर गाडी ठेवायला बंदी किंवा मर्यादा असते. बर्फ उपसणारी यंत्रं रात्रीच फिरतात. दंड होतो, गाडी उचलूनही नेतात, आणि तुम्ही तेव्हा साताऱ्यात असता. तुमच्या नगरपालिकेचा नियम जाण्याआधी वाचून घ्या.

ड्राइव्हवेवर जागा निवडताना वर बघा. छपराच्या कडेखाली नको, कारण तिथून बर्फाचे सुळे आणि घसरून आलेला गठ्ठा थेट काचेवर पडतो. मोठ्या झाडाखालीही नको. डिसेंबर २०१३ मध्ये टोरोंटोत गोठणारा पाऊस पडला, तेव्हा फांद्यांवर काचेसारखा थर चढला आणि भली मोठी झाडं मोडून पडली. ज्यांनी ती रात्र पाहिली ते मेपलखाली गाडी ठेवत नाहीत. रस्त्याच्या तोंडाशीही नको, कारण पालिकेचं यंत्र तिथे घट्ट, खारट ढीग टाकून जातं.

खाली डांबर किंवा काँक्रीट हवं. गवतावर किंवा मातीवर ठेवलीत तर जमिनीतली ओल महिनोन्महिने वर चढत राहते आणि गाडीचा तळ कधी कोरडा होत नाही. दुसरा इलाजच नसेल तर जाड प्लास्टिक पसरून त्यावर प्लायवूडचे तुकडे टाका आणि चाकं त्यावर घ्या.

धुताना कशाकडे लक्ष द्यायचं?

वरून चकचकीत दिसण्याला महत्त्व नाही. चाकांच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा आणि तळ, या तीन जागा. पाइपचं तोंड कमानीच्या आत वळवा आणि खाली येणारं पाणी बघा. आधी गढूळ, राखाडी येतं, मग त्यात कुजलेली पानं येतात, मग स्वच्छ. स्वच्छ येईपर्यंत थांबू नका. बॉनेट उघडून वायपरखालच्या खोबणीतली पानंही हाताने काढा. तिथली पाणी जाण्याची भोकं बुजली की वितळलेलं बर्फ आत केबिनमध्ये उतरतं.

धुतल्यावर वीस-तीस मिनिटं गाडी फिरवून आणा, म्हणजे ब्रेक आणि तळ सुकेल. नंतर वॅक्सचा एक हात द्या. पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक राहू देऊ नका, तीन महिन्यांत ते रंगात उतरतात.

तळाला गंजरोधक तेल फवारून घेणं इथे जुनं चलन आहे. क्राऊन आणि रस्ट चेक ही त्यातली इथल्या लोकांना ठाऊक असलेली नावं. दहा वर्षं गाडी ठेवायची असेल तर मी करून घ्या म्हणेन. फवारल्यावर काही दिवस तेल ठिबकतं, त्यामुळे ड्राइव्हवेवर पुठ्ठा अंथरा.

बॅटरीचं काय करायचं?

या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

बंद गाडीही थोडी वीज खात असते. घड्याळ, अलार्म, चावी ओळखणारं यंत्र, संगणक. चांगल्या अवस्थेतल्या गाडीत ही ओढ ५० मिलिअँपिअरच्या आत असते. ३० धरा. दिवसाला ०.७२ अँपिअर-तास झाले. साधारण ६० अँपिअर-तासांची बॅटरी ८३ दिवसांत तळाला जाते, आणि गाडी चालू होण्याइतका जोर त्याच्या कितीतरी आधी संपतो. साडेतीन महिने म्हणजे १०५ दिवस. हिशेब जमत नाही.

इथे थंडीचा संबंध येतो. पूर्ण भरलेल्या बॅटरीतलं आम्ल उणे ५५ च्याही खाली गेल्याशिवाय गोठत नाही. रिकामी झालेल्या बॅटरीत आम्ल पातळ होऊन बरचसं पाणीच उरतं, आणि ती उणे १० च्या आसपास गोठते. उणे १० म्हणजे इथली जानेवारीतली कुठलीही रात्र.

आमच्या पहिल्या वर्षी हेच झालं. मुंबईहून येऊन झोपही पूर्ण झाली नव्हती. दूध आणायचं म्हणून बॉनेट उघडलं तर बॅटरीच्या बाजू पोळी फुगावी तशा फुगलेल्या, आणि एका कोपऱ्यात केसाएवढी चीर. मी जंपर केबल घेऊन उभी होते. समोरचे गृहस्थ रस्ता ओलांडून धावत आले आणि त्यांनी माझ्या हातातून केबल काढून घेतली. गोठलेल्या बॅटरीला केबल जोडली किंवा चार्जर लावला तर ती फुटू शकते, आम्ल अंगावर उडतं. फुगलेली, चिरलेली बॅटरी थेट बदलायची. नुसती गोठल्याची शंका असली तरी ती घरात आणून पूर्ण वितळू द्या आणि मेकॅनिकला दाखवल्याशिवाय काही जोडू नका.

तेव्हापासून मी बॅटरी काढून घरात ठेवते. तळघरात फडताळावर, चुलीपासून आणि कपडे वाळवायच्या यंत्रापासून दूर. काढताना आधी ऋण टोक, मग धन. बसवताना उलटं, आधी धन, मग ऋण. नट बहुतेक गाड्यांत १० च्या पान्याने निघतो. वजन पंधरा-वीस किलो असतं, कंबर सांभाळा. काँक्रीटच्या जमिनीवर ठेवली की बॅटरी उतरते असं अजून ऐकू येतं, पण आजच्या प्लास्टिक खोक्याच्या बॅटरीला ते लागू नाही. ठेवण्याआधी पूर्ण चार्ज करा. मीटर लावल्यावर १२.६ व्होल्ट किंवा वर दिसलं पाहिजे. १२.२ म्हणजे अर्धीच भरलेली.

काढायची नसेल तर दुसरा मार्ग आपोआप थांबणाऱ्या छोट्या चार्जरचा. बाहेरच्या प्लगमधून, बाहेर वापरायच्या जाड वायरने तो जोडून ठेवायचा. हा उत्तम मार्ग आहे, फक्त वायर बर्फ काढणाऱ्याच्या फावड्याखाली येणार नाही अशी न्या. तुमची बॅटरी एजीएम प्रकारची (आम्ल काचतंतूंच्या थरात शोषलेली) असेल तर चार्जरलाही तशी सोय हवी.

नुसतं ऋण टोक सोडून गाडीतच ठेवली तर? भरलेली, तीन-चार वर्षांच्या आतली बॅटरी असेल तर टिकते, कारण थंडीत ती स्वतःहून फार हळू उतरते. जुनीला हा भरवसा नाही. आणि टोक सोडण्याआधी एक गोष्ट करून बघा: रिमोटशिवाय, साध्या चावीने दार उघडतं आणि लागतं का. पुष्कळांनी रिमोटमधली ती पातळ चावी कधी बाहेरच काढलेली नसते.

डॅशबोर्डवर ठेवायचा छोटा सोलर चार्जर चालतो का?

पुण्यात चालेल. इथे काचेवर वीतभर बर्फ आणि डिसेंबरचा साडेचारला मावळणारा सूर्य. त्यावर भिस्त ठेवू नका.

शेजाऱ्याला दर आठवड्याला दहा मिनिटं गाडी चालू करायला सांगितलं तर?

मनापासून सांगते, नका सांगू. हे सगळेच करतात आणि यानेच नुकसान होतं. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. दहा मिनिटांत इंजिन आणि सायलेन्सर पुरते तापत नाहीत, त्यामुळे ती वाफ आतच पाणी होऊन बसते, थोडी तेलात उतरते, थोडी सायलेन्सरमध्ये साचते. चालू करताना बॅटरीतून जेवढी वीज जाते तेवढी त्या दहा मिनिटांत परत भरतही नाही. एक तर गाडी पूर्ण झोपू द्या, नाहीतर विमा चालू ठेवून कोणाला तरी पंधरवड्याने अर्धा तास हायवेवर फिरवायला द्या. दुसऱ्या पर्यायात गाडीला पुन्हा मीठ लागतं. मला पहिलाच पटतो.

कूलंट तपासायला हवं का? रंग तर ठीक दिसतो.

रंगावरून काही कळत नाही. उन्हाळ्यात पातळी कमी दिसली म्हणून आपण नळाचं पाणी ओततो, पुन्हा ओततो, आणि मिश्रण पातळ होतं. भारतात त्याने फारसं बिघडत नाही. इथे पाणी जास्त झालं तर इंजिनाच्या ओतीव धातूला तडा जातो, आणि ती दुरुस्ती गाडीच्या किमतीइतकी होऊ शकते.

निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी हे मिश्रण साधारण उणे ३७ पर्यंत गोठत नाही. मग शुद्ध कूलंटच भरलं तर आणखी चांगलं, असं वाटतं ना? तसं नाही. कूलंटमधलं मूळ द्रव्य म्हणजे ग्लायकॉल, आणि ते शुद्ध असेल तर उणे १३ च्या आसपासच गोठतं. दोघं मिसळले की एकमेकांना गोठू देत नाहीत. म्हणून तयार मिश्रण घ्या, किंवा ऊर्ध्वपातित पाण्यात निम्मं-निम्मं करा. तपासायला पिचकारीसारखं एक स्वस्त साधन मिळतं. इंजिन पूर्ण थंड असताना टाकीतून थोडं ओढायचं, आतला काटा किंवा तरंगणाऱ्या गोळ्या कुठल्या अंशापर्यंत ते सुरक्षित आहे ते दाखवतात. कूलंट गोड असतं आणि विषारी. सांडलं तर लगेच पुसा, कुत्री-मांजरं चाटतात.

काच धुवायच्या पाण्याचंही तसंच. उन्हाळ्याचं पाणी टाकीत राहिलं तर टाकी आणि नळ्या तडकतात. उणे ४० लिहिलेलं निळं पाणी भरा आणि बटण दाबून ते फवाऱ्यातून बाहेर येईपर्यंत उडवा. नुसती टाकी भरली तर नळीत जुनंच राहतं.

पेट्रोल भरून ठेवावं की टाकी रिकामी?

भरून. रिकाम्या टाकीत हवा असते, हवेत ओल असते, आणि पारा वर-खाली झाला की ती आतल्या भिंतीवर घाम धरते. इथल्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांच्या आसपास इथेनॉल असतं आणि ते पाणी शोषून घेतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल-पाणी वेगळं होऊन तळाला बसतं, नेमकं पंप जिथून ओढतो तिथे. पेट्रोल टिकवणारं स्टॅबिलायझर बाटलीवरच्या मापाने टाकीत घाला, मग पंपावर टाकी भरा, आणि घरापर्यंत दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवा, म्हणजे ते नळ्यांपर्यंत पोचेल. तीन महिन्यांसाठी ते अत्यावश्यक नाही. पण मुक्काम वाढतो. लग्न निघतं, कोणाचं दुखणं निघतं, आणि तीनचे पाच महिने होतात.

तेल आत्ता बदलावं की परत आल्यावर?

आत्ता. वापरलेल्या तेलात आम्लं आणि पाणी असतं, ते महिनोन्महिने इंजिनात बसू देऊ नये. बदलल्यावर पाच-दहा मिनिटं इंजिन चालवा.

टायरमध्ये हवा किती ठेवायची?

ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर जे लिहिलंय त्यापेक्षा ४-५ पीएसआय जास्त, पण टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या आतच. पारा साडेपाच अंश उतरला की साधारण १ पीएसआय कमी होतो. नोव्हेंबरात १० अंशांना भरलेली हवा उणे २० च्या रात्री ५ पीएसआयने कमी झालेली असते, आणि गाडी त्याच त्या जागी महिनोन्महिने वजन टाकून उभी. टायर खाली चपटा होतो आणि पहिले काही किलोमीटर गाडी गडगडते. बहुतेक वेळा तापल्यावर तो गोल होतो. लाकडी ठोकळ्यांवर गाडी उचलून ठेवण्याची गरज एवढ्या काळासाठी नाही, आणि उघड्यावर, गोठून सुटणाऱ्या जमिनीवर ते धोक्याचंही आहे.

हँडब्रेक ओढून ठेवावा का?

नाही. ब्रेकचे पॅड चकतीला, नाहीतर केबल आतल्या आत गोठून किंवा गंजून चिकटते. सपाट जागी ऑटोमॅटिक गाडी पी वर, हाताची गाडी पहिल्या गिअरमध्ये, आणि दोन चाकांना पुढून-मागून ओंडके किंवा रबरी अटकाव. उतार असेल तर जागाच बदला. बटणाचा हँडब्रेक असलेल्या काही गाड्या बंद केल्या की तो आपोआप लावतात. तो सैल कसा ठेवायचा हे गाडीच्या पुस्तकात असतं. बॅटरी काढण्याआधी हे करा, नंतर बटण चालत नाही.

आमच्याकडे उंदीर नाहीत. तरी काळजी करायची?

घरात नसतील. शेताडीच्या कडेला, पाणओढ्याजवळ नव्या वसाहती झाल्या आहेत तिथे बाहेर भरपूर आहेत, आणि थंडी पडली की त्यांना कोरडी, वारा न लागणारी पोकळी हवी असते. उभी गाडी ही त्यांच्या दृष्टीने तयार घर आहे.

आमच्या गाडीत दुसऱ्या वर्षी ते शिरले. मार्चमध्ये पंखा लावला तर खरखर आवाज आणि करड्या केसांचा फवारा. ग्लोव्ह बॉक्स काढून केबिनचा फिल्टर ओढला. त्याच्या घड्यांमध्ये मुठीएवढं घरटं होतं: कुरतडलेला फिल्टरचा कागद, सीटखालचा कापूस, आणि मधोमध सूर्यफुलाच्या बियांची सालं. बिया शेजारच्या पक्ष्यांच्या खाद्याच्या डब्यातल्या. मागच्या सीटखाली नातवाच्या चिवड्यातले शेंगदाणे होते, तेही एकेक करून नेलेले. तारा वाचल्या हे नशीब. तारा कुरतडल्या की बिल मोठं येतं.

आता मी काय करते ते सांगते. गाडीतून खाण्याचा कण न् कण काढते, मुलाची सीट पूर्ण बाहेर काढून खालची खाच व्हॅक्युमने साफ करते, कारण तिथे बिस्किटाचा चुरा असतोच. टिश्यूचे खोके, जुने कपडे, पिशव्या, त्यांना घरट्याला लागतं असं सगळं घरात. मग सायलेन्सरचं तोंड आणि इंजिनाच्या हवेच्या पाइपचं तोंड तांब्याच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या घासणीने घट्ट बुजवते. साधी लोखंडी घासणी गंजते आणि तिचा चुरा आत जातो. आतला वारा बाहेरून घ्यायचं बटण बंद, म्हणजे आतल्या आत फिरणारं. चाकांजवळ, घराच्या बाजूने खटक्याचे सापळे, आणि ते शेजारी बघतात. गाडीच्या आत सापळा किंवा विष ठेवू नका. मेलेला उंदीर उन्हाळाभर वास देतो.

पुदिन्याचं तेल, लवंग, साबणाच्या वड्या यांनी फार फरक पडलेला मी पाहिला नाही. डांबराच्या गोळ्यांचा वास मात्र गाडीतून जाता जात नाही, आणि तो श्वासात घेणं चांगलंही नाही.

सर्वांत महत्त्वाचं: काय काय बुजवलं आहे ते मोठ्या अक्षरांत कागदावर लिहा आणि तो कागद स्टिअरिंगला चिकटवा. मी लिहिते: "सायलेन्सर. हवेचा पाइप. दोन्ही काढ. मग चावी."

वरून ताडपत्री टाकावी का?

निळी प्लास्टिकची ताडपत्री नको. कोकणात पावसाळ्यात आपण तेच करतो म्हणून इथेही हात तिकडे जातो. पण प्लास्टिकखाली ओल कोंडते, आणि वाऱ्याने ते सतत फडफडून रंग घासून काढतं. त्याखाली मिठाचे कण असतील तर कानशीच फिरल्यासारखं होतं.

हवा खेळणारं, बाहेरच्या वापराचं, गाडीच्या मापाचं, पोटाखालून पट्ट्याने बांधता येणारं कव्हर असेल तर घाला, पण स्वच्छ आणि कोरड्या गाडीवरच. गोठून चिकटलं असेल तर ओढू नका, वितळू द्या. माझं मत विचाराल तर नीट धुऊन वॅक्स केलेली गाडी कव्हरशिवाय बरी. पाइपांचा तंबू चांगला असतो, पण तो जमिनीला घट्ट बांधावा लागतो, त्यावरचं बर्फ कोणीतरी पाडावं लागतं, आणि काही शहरांत त्याला मर्यादा आहेत.

वायपर, दारं, आतली हवा?

वायपरची पाती काढून घरात न्या. दांडा काचेवर परत पडून तडा जाऊ नये म्हणून खाली फडक्याची घडी ठेवा. दारांच्या रबरी पट्ट्या पुसून त्यांना सिलिकॉन लावा, म्हणजे गोठून चिकटत नाहीत आणि ओढताना फाटत नाहीत. पायाखालच्या चटया घरात. ओल शोषणाऱ्या दाण्यांचा डबा पुढच्या सीटखाली सरळ उभा ठेवा. गाडीची कागदपत्रं आणि गॅरेजचं रिमोट आत ठेवू नका.

विमा बंद करून पैसे वाचवता येतात का?

थोडे. ऑन्टारिओत उभ्या गाडीसाठी अपघात आणि दायित्वाचा भाग स्थगित ठेवून चोरी, आग, पडलेली फांदी यांचा भाग चालू ठेवता येतो. हा चोरीचा भाग कधीही काढू नका, या भागात गाड्या किती चोरीला जातात ते सगळ्यांना माहीत आहे. स्थगिती असेपर्यंत गाडी रस्त्यावर एक फूटही आणायची नाही, बर्फ काढण्यासाठी बाजूला घेणंसुद्धा नाही. गाडीवर कर्ज असेल किंवा ती लीजवर असेल तर आधी त्यांना विचारा, ते बहुधा पूर्ण विमा मागतात. पूर्ण पॉलिसीच रद्द करू नका. मध्ये खंड पडला की पुढचा हप्ता वाढू शकतो. आणि परतल्यावर चावी फिरवण्याआधी एजंटला फोन.

डिझेल, हायब्रिड आणि विजेची गाडी?

डिझेल थंडीत मेणासारखं घट्ट होतं. उन्हाळ्याचं डिझेल टाकीत ठेवून जाऊ नका, हिवाळी डिझेल भरून घ्या.

हायब्रिडमध्ये मोठी बॅटरी असली तरी गाडी जागी करणारी १२ व्होल्टची छोटी बॅटरी वेगळी असते, आणि तीच उतरते. काही गाड्यांत ती डिकीत असते आणि डिकी विजेवर उघडते. म्हणजे बॅटरी उतरली की बॅटरीपर्यंत पोचताच येत नाही. तुमच्या गाडीत बॉनेटखाली वीज जोडायचं टोक कुठे आहे ते आत्ता पाहून ठेवा. केशरी वेष्टणाच्या जाड तारांना हात लावू नका.

विजेच्या गाडीची बॅटरी निम्म्याच्या आसपास भरून, जमल्यास प्लग लावून आणि चार्जिंगला मर्यादा घालून ठेवा. कॅमेऱ्याचा पहारा बंद करा, तो दिवसाला बरीच वीज खातो. फोनवरून दर तासाला गाडी तपासू नका, प्रत्येक वेळी ती जागी होते.

बर्फ पडल्यावर गाडीवरचं कोणी काढावं का?

भुसभुशीत, कोरडं बर्फ राहिलं तर चालतं. त्यावर पाऊस पडून ते मुरलं की एका घनमीटरला ३०० किलोच्या पुढे जातं. मोठ्या वादळानंतर छप्पर आणि बॉनेट मऊ ब्रशने हलकं करायला सांगा. फावडं गाडीला लावायचं नाही, गरम पाणी काचेवर ओतायचं नाही. आमच्या समोरचेच गृहस्थ हे करतात. येताना त्यांच्यासाठी साताऱ्याचे कंदी पेढे येतात, आणि ते डिसेंबरातच आठवण करून देतात. गाडी बर्फ काढणाऱ्या कंत्राटदाराच्या यंत्राला दिसावी म्हणून चारी कोपऱ्यांना केशरी काठ्या रोवून जा, जमीन गोठण्याआधी.

परत आल्यावर काय काय, कुठल्या क्रमाने?

विमानातून उतरलेल्या दिवशी काही नको. झोपा.

दुसऱ्या दिवशी उजेडात आधी स्टिअरिंगवरचा कागद वाचा आणि बुजवलेलं सगळं काढा. बॉनेट उघडून टॉर्चने तारांकडे, फिल्टरच्या डब्यात, इंजिनावरच्या आच्छादनाखाली पाहा. घरटं दिसलं तर हातमोजे आणि मास्क घाला, औषधी फवारा मारून ओलं करा आणि मगच उचला. कोरडं झाडू नका, उंदरांच्या विष्ठेच्या धुळीतून आजार होतात. गाडीखाली ठिबकल्याचे डाग आहेत का ते बघा. तेल, कूलंट, ब्रेकचं तेल यांच्या पातळ्या. मग बॅटरी बसवा, टायरची हवा दारावरच्या आकड्यावर आणा, वायपर लावा, विम्याचा फोन झालाय ना ते आठवा.

चालू केल्यावर एक-दोन मिनिटं तशीच राहू द्या, दिवे बघा. बॅटरी काढली होती म्हणून घड्याळ, रेडिओ आणि काही गाड्यांत काचांचं आपोआप वर जाणं पुन्हा शिकवावं लागतं. हलवण्याआधी ब्रेक दोन-तीनदा दाबा, पायाखाली घट्ट लागला पाहिजे. मग ड्राइव्हवेतच फूटभर पुढे, फूटभर मागे. चाक अडलं असेल तर जोर देऊ नका, मेकॅनिकला बोलवा. सुटताना "टक" असा आवाज आणि नंतर खरखर येणं ठीक आहे. तो चकतीवरचा तांबूस थर आहे, पहिल्या पाच-सहा हलक्या ब्रेकमध्ये निघून जातो. त्यापुढेही खरखर राहिली तर दाखवून घ्या.

पहिली फेरी वसाहतीतल्या आतल्या रस्त्यांवर, सावकाश. मार्चमध्ये खड्डे नुकते उघडे पडलेले असतात आणि टायर अजून ताठ असतात. मग अर्धा तास हायवे, आणि येताना तळ धुऊन घ्या, कारण रस्त्याच्या कडेला मीठ अजून एप्रिलपर्यंत असतं.